कळलावीची लागवड: कंद निवडण्यापासून विश्रांतीच्या महिन्यांपर्यंत

कळलावी ही कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर सहज आढळणारी पावसाळी वेल आहे. मृगाच्या सरी पडल्या की ती जमिनीतून वर येते, श्रावण-भाद्रपदात फुलते आणि दिवाळी उलटून गेल्यावर तिचा जमिनीवरचा सगळा पसारा वाळून नाहीसा होतो. घरी ही वेल लावू पाहणाऱ्यांना साधारणपणे वाटते की, अवघड काम पावसाळ्यातले, म्हणजे फुले आणण्याचे आहे. प्रत्यक्षात ती हातची जाते ती हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, कुंडी रिकामी दिसू लागल्यानंतर सवयीने घातलेल्या पाण्यामुळे. म्हणून पुढे लागवडीइतकीच जागा विश्रांतीच्या महिन्यांना दिली आहे. त्याही आधी मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

लावण्यापूर्वी: विषाचा विचार

कळलावीचा कंद, खोड, पाने, फुले आणि बिया, सगळेच विषारी असते. त्यातले मुख्य विषद्रव्य कॉल्चिसीन हे आहे. ते पेशींच्या विभाजनात अडथळा आणते, आणि याच गुणामुळे पिकांच्या पैदाशीत गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. गाऊट या सांधेदुखीच्या विकारावर अत्यंत मोजक्या मात्रेत ते औषध म्हणूनही देतात. कंद पोटात गेल्यास काही तासांत तोंडात व घशात जळजळ, उलट्या आणि तीव्र जुलाब सुरू होतात, पुढच्या दिवसांत मूत्रपिंड, यकृत व अस्थिमज्जा यांवर परिणाम होतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. शिजवल्याने हे विष जात नाही. कंद रताळ्यासारखा किंवा रानातल्या एखाद्या खाण्याच्या कंदासारखा दिसत असल्यामुळे चुकून खाल्ला गेल्याची प्रकरणे भारतात आणि श्रीलंकेत नोंदली गेली आहेत.

आयुर्वेदात लांगली या नावाने तिची गणना उपविषांत होते आणि शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. प्रसूती लवकर व्हावी म्हणून किंवा गर्भपातासाठी तिचा कंद वापरण्याची जुनी, घातक प्रथा आहे. ‘गावाकडे वापरतात’ एवढ्या आधारावर तिचा कोणताही घरगुती प्रयोग करू नये. घरात रांगते मूल असेल, किंवा माती उकरणारे कुत्रे असेल, तर काही वर्षे थांबणेच शहाणपणाचे आहे. कंद हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, वापरलेले खुरपे आणि हात साबणाने धुवावेत, कंद स्वयंपाकघरात किंवा कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत आणि साठवणीच्या डब्यावर ‘विषारी’ असे ठळक लिहून ठेवावे. कोणी चुकून खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे आणि वेलीचा तुकडा किंवा छायाचित्र सोबत न्यावे.

ही वेल घराजवळ लावली की घरात भांडणे होतात, असा समज अनेक गावांत आहे आणि वडीलधारी माणसे त्यावरून हरकत घेतात. समजाशी वाद घालत बसण्यापेक्षा तिला उंबऱ्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे समाधान होते.

रानातली तिची जागा

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असे आहे. आफ्रिकेच्या उष्ण भागापासून भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत ती नैसर्गिकरीत्या आढळते. झिंबाब्वेचे ती राष्ट्रीय फूल आहे आणि तमिळनाडूचे राज्यपुष्पही. आपल्याकडे ती दाट जंगलाच्या आत क्वचितच असते. जंगलाची कड, शेताची वई, करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्या, ओढ्याचा उतरता काठ, कातळाच्या फटीतली थोडीशी माती, अशा ठिकाणी ती हमखास सापडते.

यापैकी कोणतीही जागा नीट पाहिली तर लागवडीचे निम्मे नियम तिथेच कळतात. माती फार खोल किंवा फार सकस नसते, पण उतारामुळे तिच्यात पाणी साचत नाही. कंदाभोवतीची जमीन झुडपांच्या सावलीत गार असते आणि वेलीचा शेंडा मात्र जाळीतून वर निघून उन्हात पोचतो. आधाराला बारीक काटक्या असतात. पावसाचे चार महिने संपले की ती जमीन ठणठणीत कोरडी पडते आणि पुढच्या मृगापर्यंत तशीच राहते. हे चारही गुण कुंडीत किंवा वाफ्यात आणता आले की बाकीचे काम वेल करते.

ओळखण्यासाठी पान पाहावे, कारण फुले नसतानाही ते फसवत नाही. पान भाल्यासारखे लांबट असते, शेंड्याकडे निमुळते होत जाते आणि त्याचे टोकच ताणा बनून स्प्रिंगेसारखे वळते. या वळलेल्या टोकाला काटकी, गवताची काडी किंवा शेजारच्या झाडाचे देठ लागले की ते त्याभोवती घट्ट वेढे घेते. खोड स्वतः कशाला गुंडाळत नाही, सगळी चढाई पानांच्या टोकांवरच चालते.

फूल खाली मान घालून लोंबते, पण त्याच्या सहा पाकळ्या वर उलटलेल्या असतात आणि त्यांच्या कडा नागमोडी असतात. कळी हिरवट असते, उमलताना बुडाकडे पिवळी आणि टोकाकडे लालसर होते, आणि पुढच्या काही दिवसांत लाल रंग खाली उतरत जाऊन संपूर्ण फूल शेंदरी-लाल होते. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी तीन-चार रंगांची फुले दिसतात. अग्निशिखा हे नाव त्यावरूनच आले असावे. कोकणात गौरीच्या सणाच्या सुमारास ती ऐन बहरात असते, आणि गौरीचे हात हेही तिचे एक नाव आहे.

कंद कोठून आणावा

पहिली पायरी कंद मिळवण्याची आहे, आणि तिथे सर्वांत जास्त मोह होतो. ट्रेकला गेल्यावर वाटेच्या कडेला फुललेली वेल दिसते आणि खुरपे नसले तरी काठीने उकरावेसे वाटते. तसे करू नये. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे आणि राखीव जंगलाला १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. कायदा बाजूला ठेवला तरी फुलोऱ्यात उकरलेली कळलावी क्वचितच जगते. त्या काळात जुना कंद आटत असतो आणि नवा पुरता भरलेला नसतो, म्हणजे आपण वेलही घालवतो आणि पुढच्या वर्षीचा कंदही.

योग्य मार्ग तीन आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याच्या वईवर किंवा स्वतःच्या गावच्या जमिनीत वेल असेल, तर तिची जागा पावसाळ्यात खूण करून ठेवावी आणि पाने पूर्ण वाळल्यावर, त्यांच्या परवानगीने, एखादा कंद घ्यावा. स्थानिक वनस्पती तयार करणाऱ्या रोपवाटिकांकडे उन्हाळ्याच्या अखेरीस कंद मिळतात. तिसरा मार्ग बियांचा, ज्याला वेळ लागतो.

रोपवाटिकेत एक गोष्ट विचारून घ्यावी. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या कंदांत रॉथशिल्डियाना हा आफ्रिकी मूळ असलेला प्रकार पुष्कळदा असतो. त्याच्या पाकळ्या रुंद, गडद किरमिजी आणि पिवळ्या किनारीच्या असतात, तर आपल्या रानातल्या वेलीच्या पाकळ्या अरुंद आणि अधिक नागमोडी असतात. दोन्ही सुंदर आहेत, पण ज्यांना इथली रानवेल हवी आहे, त्यांनी फुलाचे छायाचित्र पाहूनच कंद घ्यावा. परदेशात राहणाऱ्यांनी गावाहून कंद सामानात नेण्याचा विचार करू नये. बहुतेक देशांत तपासणीविना कंदमुळे नेण्यास बंदी असते, आणि तिथल्या रोपवाटिकांत ही वेल मिळतेही. थंड हवामानात ती घरात किंवा काचगृहात वाढवतात.

कंदाची तपासणी आणि कुंडीची तयारी

कळलावीचा कंद इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’ या अक्षरासारखा, नांगराच्या आकाराचा असतो. त्याला दोन भुजा असतात आणि प्रत्येक भुजेच्या टोकाशी एकच डोळा असतो. बटाट्याला जसे जागोजागी डोळे असतात, तसे इथे नसतात. टोक मोडले, खरचटले किंवा कुजले तर त्या भुजेतून कोंब येत नाही, मग बाकीचा कंद कितीही टणटणीत असो. कंद ठिसूळ असल्यामुळे तो पिशवीत टाकून आणण्याऐवजी कोरड्या भुशात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून आणावा. घेताना टोके फिकट, भरीव आणि अखंड आहेत का ते पाहावे. कंद बोटाने दाबल्यास मऊ लागला किंवा त्याला आंबट वास आला तर घेऊ नये. लहान कंदातून वेल येते, पण त्या वर्षी ती फुलेलच असे नाही. बोटाएवढ्या जाडीचा, ५० ग्रॅमच्या आसपासचा कंद पहिल्याच पावसाळ्यात फुले देतो.

कुंडी रुंद आणि खोल हवी, किमान १२ इंच व्यासाची, आणि तिच्या तळाला चार-पाच मोकळी छिद्रे असावीत. मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा चांगली, कारण ती लवकर कोरडी होते. छिद्रांवर खापराचे तुकडे पसरून वर साधारण दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण भरावे. निव्वळ कोकोपीटमध्ये ही वेल लावू नये, कारण ते ओलावा फार काळ धरून ठेवते.

पुणे-नाशिकच्या पट्ट्यात आणि मराठवाडा-विदर्भात बागेत काळी माती असणाऱ्यांनी थेट जमिनीत कंद घालण्याचे धाडस टाळावे. काळी माती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कंदाला दोन्ही नको असतात. तिथे वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात मुरूम-वाळू मिसळलेली माती भरणे, किंवा सरळ कुंडी वापरणे बरे.

लावणी

मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र लागले की कंद लावायला घ्यावेत. फार आधी लावले आणि पाणी दिले तर कोंब कडक उन्हात बाहेर येऊन करपतो. साठवणीतल्या कंदाच्या टोकाशी पांढरट टिंब फुगलेले दिसू लागले, तर तो स्वतःच तयार झाला आहे असे समजावे.

कंद मातीत आडवा ठेवावा, उभा खोचू नये. वर २ ते ३ इंच माती राहील इतक्या खोलीवर तो असावा आणि डोळ्यांची टोके कुंडीच्या कडेला टेकणार नाहीत अशी मांडणी करावी. एका १२ इंची कुंडीत एकच कंद पुरे. बुरशीपासून बचाव म्हणून लावताना ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची थोडी भुकटी मातीत मिसळता येते. माती हलक्या हाताने दाबावी, एकदा भिजवावी आणि त्यानंतर कोंब दिसेपर्यंत वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. कंदाची जागा दाखवणारी एक काडी त्याच वेळी रोवून ठेवावी.

आधारही लावणीच्या दिवशीच द्यावा, कारण नंतर काठी खुपसताना नेमका कंदच फुटतो. इथे पुष्कळ जण जाड बांबू किंवा लोखंडी सळई उभी करतात आणि वेल तिच्या पायथ्याशीच लोळत राहते. पानाचे टोक बारीक वस्तूलाच वेढा घालू शकते, जाड खांब त्याच्या कवेत येत नाही. तुरीच्या वाळक्या काठ्या, मेंदीच्या किंवा करवंदीच्या छाटलेल्या फांद्या, किंवा दोन काठ्यांमध्ये ताणलेली सुतळीची जाळी हे उत्तम आधार होत. जमिनीत लावणाऱ्यांनी तर एखाद्या मोकळ्या झुडपाच्या बुडाशीच कंद घालावा. वेल दीड-दोन मीटर सहज जाते, अनुकूल जागी याहूनही उंच.

कोंब ते फूल

कोंब आला की कुंडी अशा ठिकाणी ठेवावी की शेंड्याला दिवसातले चार-पाच तास ऊन मिळेल आणि कुंडीची माती तापणार नाही. गच्चीत कुंडीभोवती इतर कुंड्या ठेवल्या तरी हे साधते. खोड नाजूक असते आणि कोवळा शेंडा वाऱ्याने किंवा धक्क्याने मोडला, तर त्या कोंबाची त्या हंगामातली वाढ बहुधा तिथेच संपते. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत दर दोन दिवसांनी वेल पाहावी आणि भरकटलेला शेंडा न ओढता, आधाराची काटकीच त्याच्याजवळ आणावी.

पाऊस पडत असेल तोवर वेगळे पाणी लागत नाही. उघडीप आठवडाभर लांबली तर माती ओलसर राहील एवढे द्यावे. खताचीही फार गरज नाही. कळ्या धरण्याच्या सुमारास मूठभर गांडूळखत आणि थोडी राख वरून घालावी. युरियासारखे नत्रयुक्त खत दिले तर पाने भरमसाट येतात, फुले कमी.

कीड म्हणाल तर तिची स्वतःची एक ठरलेली अळी आहे. काळसर अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेली ही अळी लिली-पतंगाची. तिच्या शास्त्रीय नावातच ग्लोरिओसी, म्हणजे ही वेल, आहे. अळ्या घोळक्याने येतात आणि दोन-तीन दिवसांत वेलीची नुसती काडी उरवतात. बागेत स्पायडर लिली असेल तर तिच्यावरून त्या कळलावीकडे वळतात. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहून हातमोज्याने अळ्या उचलणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. फवारणी टाळलेली बरी, कारण या फुलांवर येणारी फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी त्याच फवाऱ्यात सापडतात. एखाद-दुसऱ्या अळीकडे दुर्लक्षही करता येईल, तिचा गुलाबी-काळा-पिवळा पतंग पाहण्यासारखा असतो.

कंद लावल्यापासून साधारण दीड ते दोन महिन्यांत पहिले फूल येते आणि एकेक फूल आठवडाभर टिकते. फुले फुलदाणीतही छान टिकतात, पण ती जेवणाच्या टेबलावर ठेवू नयेत आणि फुलदाणीतले पाणी कुणी पिणार नाही याची काळजी घ्यावी.

बिया हव्या असल्यास

फुलाची रचना जवळून पाहिली की या वेलीला बी कमी का धरते ते समजते. सहा पुंकेसर चक्राच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर पसरलेले असतात आणि कुक्षीवृंत बीजांडकोशाजवळच काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो. त्यामुळे परागकण त्याच फुलाच्या कुक्षीवर सहसा पडत नाहीत, त्यांना फुलपाखराचा पंख किंवा पक्ष्याचे अंग लागते. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची व्यापारी शेती होते आणि तिथे मजूर लावून हाताने परागीभवन केले जाते. शहरातल्या गच्चीवर तोच मार्ग पत्करावा. सकाळी, फुटलेल्या परागकोशावरचे पिवळे कण मऊ कुंचल्याने घेऊन दुसऱ्या वेलीवरच्या फुलाच्या तीन फाट्यांच्या कुक्षीला लावावेत. दोन वेगळ्या कंदांच्या वेली असतील तर फळे चांगली धरतात.

बोंड हिरवे असताना लांबट असते, पिकल्यावर पिवळसर तपकिरी होऊन तीन फाकांनी उघडते आणि आत लालभडक बियांच्या रांगा दिसतात. मुलांना हे मणी नेमके आकर्षक वाटतात. म्हणून बोंड उघडण्याआधीच त्याला मलमलीची पुरचुंडी बांधावी किंवा ते काढून घ्यावे.

बियांचे कवच टणक असते आणि उगवण सावकाश, मागेपुढे होते. सावलीत वाळवलेल्या बिया पुढच्या जूनच्या सुरुवातीला दिवसभर पाण्यात भिजवून वाळूमिश्रित मातीत अर्धा इंच खोल पेराव्यात. काही महिन्याभरात, काही दोन-तीन महिन्यांनी उगवतात, आणि काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशाच पडून राहतात, त्यामुळे वाफा लगेच मोडू नये. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखी दोन-चार पानेच येतात आणि खाली शेंगदाण्याएवढा कंद तयार होतो. फूल यायला तीन-चार पावसाळे लागतात.

पाने पिवळी पडल्यानंतर

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे साधारण कोजागरीच्या पुढेमागे, पाने शेंड्यांपासून पिवळी पडू लागतात. इथे माणूस घाबरतो, पाणी वाढवतो, खत देतो, कोणी औषध फवारतो. यातले काहीही करू नये. वेल आपला सगळा साठा नव्या कंदांत उतरवत असते. या दिवसांतच पाणी कमी करत आणावे आणि खोड पूर्ण वाळल्यावर ते अगदी बंद करावे. हिरवे किंवा अर्धे पिवळे खोड कापू नये. ते तळाशी सुकून, हलके ओढल्यावर सहज सुटून हातात आले की काम पूर्ण झाले असे समजावे.

यानंतर दोन पर्याय राहतात. पहिला, कुंडी तशीच सावलीत आणि पावसाच्या पाण्यापासून दूर, आडवी करून ठेवणे. नवख्याने हाच निवडावा. कुंडीवर ‘कळलावी, पाणी देऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी, कारण घरातले दुसरे कोणी तरी दया येऊन पाणी घालतेच. कोकणात आणि मुंबईत अवकाळी पाऊस डिसेंबरातही येतो, म्हणून कुंडी पत्र्याखाली किंवा जिन्याखाली असलेली बरी.

दुसरा पर्याय कंद काढून साठवण्याचा. कुंडी उलटी करून मातीचा गोळा हलकेच फोडावा, खुरपे घुसवू नये. लावलेला जुना कंद आटून पापुद्र्यासारखा झालेला असतो आणि त्याच्या जागी नवा, दोन भुजांचा कंद आलेला असतो, कधी एकाहून अधिक. ते धुवू नयेत. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून, माती झटकून, कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात एकमेकांना न चिकटतील असे रचावेत आणि हवेशीर खोक्यात ठेवावेत. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात त्यांना बुरशी येते. महिन्यातून एकदा खोके उघडून पाहावे आणि मऊ पडलेला कंद लगेच बाजूला करावा.

टाकून द्यायचे कंद खताच्या ढिगात किंवा उघड्या कचऱ्यात टाकू नयेत. कुत्री-डुकरे ते उकरतात. कागदात बांधून, वर ‘विषारी’ असे लिहून घंटागाडीत वेगळे द्यावेत, नाहीतर खोल खड्ड्यात पुरावेत.

एखाद्या वर्षी मृग संपला तरी कोंब दिसत नाही. अशा वेळी मातीत बोट घालून डोळा शोधू नये, तसे करताना तो मोडतो. कळलावीचा कंद कधीकधी जुलैच्या मध्यापर्यंत थांबतो, आणि क्वचित एक हंगाम पूर्ण झोपूनही काढतो. कुंडी पावसात न भिजवता, माती किंचित ओलसर ठेवून ऑगस्टअखेरपर्यंत वाट पाहावी. त्यानंतरही काही आले नाही, तर पाणी बंद करून तिला पुन्हा कोरड्या जागी ठेवावे आणि दिवाळीनंतरच माती उघडून कंद टणक आहे की मऊ ते पाहावे. टणक असेल तर पुढच्या रोहिणीत तोच पुन्हा लावावा.